वडील आणि आत्या, दोघांनाही जठराचा कॅन्सर : आधी कोणाची आणि कोणती चाचणी करायची?

आलेला प्रश्न थोडक्यात असा : "वय ३६, माहेर सांगलीकडचं. वडील ५४व्या वर्षी जठराच्या कॅन्सरने गेले. त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला, ४७व्या वर्षी तोच आजार निघाला. ऑपरेशन आणि केमो होऊन ती आता बरी आहे. भावाने ऑनलाइन मागवून लाळेची जनुक चाचणी केली. त्यात आयएल-१बी आणि पीएससीए या जनुकांपुढे 'जठराच्या कॅन्सरचा धोका वाढलेला' असं आलं आहे. परदेशात अशा लोकांचं पूर्ण जठर आधीच काढून टाकतात असं वाचलं. माझी दोन वर्षांपूर्वीची एंडोस्कोपी नॉर्मल होती. मला नऊ आणि सहा वर्षांची दोन मुलं आहेत. आम्ही काय करायचं?"

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे आज रात्री झोप लागेल. भावाच्या त्या रिपोर्टवरून कोणाचंही जठर काढत नाहीत. जगात कुठेच नाही. आधीच जठर काढण्याचा विचार ज्या जनुकामुळे होतो ते जनुक वेगळं आहे, आणि भावाच्या चाचणीत ते नीट वाचलेलंच नसण्याची शक्यता जास्त. पण तुमच्या घरात दोन सख्ख्या भावंडांना पन्नाशीच्या आगेमागे हा आजार झाला आहे. त्यामुळे "काही नाही, विसरून जा" असंही मी म्हणणार नाही. तपास करायलाच हवा, पण दुसऱ्या टोकाकडून.

जनुकांतले जे बदल जठराच्या कॅन्सरशी जोडले जातात त्यांचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत, आणि गोंधळ होतो तो ते एकाच पिशवीत टाकल्यामुळे. पहिला प्रकार म्हणजे लोकसंख्येत सर्रास आढळणारे छोटे बदल. आयएल-१बी हे त्यातलं जुनं आणि गाजलेलं नाव. २०००मध्ये पोलंड आणि स्कॉटलंडमधल्या लोकांच्या अभ्यासातून ते पुढे आलं. या जनुकापासून बनणारं प्रथिन दाह वाढवतं आणि जठरातलं आम्ल कमी करतं. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठरात असेल आणि जनुकाचं हे रूपही असेल, तर आम्ल घटतं, अस्तर हळूहळू झिजतं आणि पुढच्या बिघाडाला वाट मिळते. कल्पना पटण्यासारखी आहे, पण नंतर वेगवेगळ्या देशांत, विशेषतः आशियात, झालेल्या अभ्यासांत हा संबंध कधी दिसला, कधी दिसला नाही. जंतूच नसेल तर या बदलाला फारसं कामच उरत नाही. पीएससीएचा संबंध २००८मध्ये जपानमधून कळवला गेला. तिथे धोक्याचं म्हटलेलं रूप बहुसंख्य लोकांत असतं. निम्म्याहून अधिक जनतेत जे आहे त्यावरून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही. याच रांगेत रक्तगटही बसतो : ए रक्तगटाच्या लोकांत जठराचा कॅन्सर थोडा जास्त दिसतो हे ब्रिटनमध्ये १९५३मध्येच नोंदलं गेलं होतं. आपला रक्तगट ए आहे म्हणून कोणी एंडोस्कोपी करायला धावत नाही. भावाच्या रिपोर्टकडेही तेवढ्याच शांतपणे पाहा.

दुसरा प्रकार दुर्मिळ आणि जोरदार बदलांचा. जठराच्या एकूण कॅन्सरपैकी साधारण एक ते तीन टक्के रुग्णांत असा ठळक आनुवंशिक दोष सापडतो. घरात आणखी कोणाला हा आजार झाला आहे असे रुग्ण याच्या कितीतरी पट, दहा टक्क्यांच्या आसपास असतात. म्हणजे घरात दोघांना झाला की जनुकच बिघडलेलं असणार, असं नाही. हा फरक कुठून येतो ते पुढे सांगतो, कारण तुमच्या दृष्टीने तोच भाग सर्वांत कामाचा आहे.

आधी जठर काढण्याच्या गोष्टीचा उलगडा करू. न्यूझीलंडमध्ये टौरंगा भागातल्या एका मोठ्या माओरी कुटुंबात तीस वर्षांत पंचवीसच्या आसपास माणसं जठराच्या कॅन्सरने गेली, त्यातली कितीतरी ऐन तारुण्यात. त्या कुटुंबाने स्वतःच संशोधकांचं दार ठोठावलं, वंशावळ मांडून दिली, रक्ताचे नमुने दिले. त्यातून १९९८मध्ये ओटागो विद्यापीठातल्या पॅरी गिलफर्ड आणि सहकाऱ्यांनी सीडीएच-१ या जनुकातला दोष शोधला. या जनुकापासून ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन बनतं. गोधडीतले तुकडे टाक्यांनी धरून ठेवलेले असतात, तशा जठराच्या अस्तरातल्या पेशी हे प्रथिन एकमेकींना धरून ठेवतं. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात. एक प्रत जन्मतःच निकामी असली तरी दुसरीवर काम भागतं. पुढे कधीतरी एखाद्या पेशीत दुसरीही बंद पडली की ती पेशी सुटी होते आणि अस्तराच्या खाली शिरते.

म्हणूनच हा कॅन्सर गाठ करून वर येत नाही. पेशी एकेकट्या, विखुरलेल्या पसरतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीचं केंद्रक एका कडेला ढकललेलं दिसतं, खड्याच्या अंगठीसारखं, म्हणून त्यांना सिग्नेट रिंग पेशी म्हणतात. वरून अस्तर गुलाबी, गुळगुळीत, निर्दोष. दुर्बिणीतून पाहणाऱ्या निष्णात डॉक्टरलाही काही दिसत नाही. सीडीएच-१चा दोष असलेल्या माणसाची एंडोस्कोपी करताना जठराच्या सगळ्या भागांतून मिळून तीसच्या आसपास तुकडे घेतात ते याचसाठी, आणि तरीही हुकतं. तुमची 'नॉर्मल' एंडोस्कोपी या एका शक्यतेपुरती पुरेशी नाही असं मी म्हणतो, त्याचं कारण हे.

अशा माणसाला आयुष्यभरात जठराचा कॅन्सर होण्याची शक्यता किती? २०१५मध्ये दिलेला आकडा पुरुषांत ७० टक्के आणि स्त्रियांत ५६ टक्के होता. २०१९मध्ये नव्या मोजणीत तो अनुक्रमे ४२ आणि ३३वर आला. त्यानंतरचे काही अंदाज आणखी खाली गेले आहेत. दोष सौम्य झालेला नाही, मोजायला घेतलेली माणसं बदलली. पूर्वी ज्या घरांत पाच-सहा जण गेले अशीच घरं तपासली जात. आता स्तनाच्या कॅन्सरसाठी किंवा दुसऱ्याच कारणाने जनुकांचं पॅनेल, म्हणजे एकाच वेळी अनेक जनुकांची तपासणी, केलं जातं आणि घरात कोणालाही जठराचा आजार नसताना सीडीएच-१चा दोष हाती लागतो. म्हणून एकच आकडा सगळ्यांना लावता येत नाही. तुमच्या घरात जठराचे किती रुग्ण आहेत हे पाहूनच तो वाचायचा. या जनुकामुळे स्त्रियांत स्तनाचा लोब्युलर प्रकारचा कॅन्सर होण्याची शक्यताही ४० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून तिशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय सुचवतात. जठराच्या चर्चेत ही बाजू हमखास राहून जाते.

२०२०च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात की घरात या प्रकारचा जठराचा कॅन्सर झालेला असेल आणि दोष सिद्ध असेल, तर २० ते ३० या वयात पूर्ण जठर काढण्याचा विचार करावा. ज्यांना ते नको आहे त्यांनी अनुभवी केंद्रात दरवर्षी ती तीस तुकड्यांची एंडोस्कोपी करावी. असं काढलेलं जठर पॅथॉलॉजिस्ट बारीक कापून तपासतात तेव्हा दहापैकी नऊ जणांत, किंवा त्याहूनही जास्त, कॅन्सरचे सूक्ष्म ठिपके आधीच सापडतात. हे ऐकून अनेकांना वाटतं की मग काढलेलंच बरं. पण त्यातले बरेच ठिपके वर्षानुवर्षं, कदाचित जन्मभर, तसेच निपचित राहिले असते. कुठला ठिपका पुढे जाईल हे आज सांगता येत नाही, आणि या निर्णयाचा सगळा जडपणा तिथेच आहे.

ऑपरेशननंतरचं आयुष्य लोकांना आधी नीट सांगितलं जात नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. पहिल्या वर्षात वजन सहसा १५ ते २० टक्क्यांनी उतरतं. ताटभर जेवण संपलं. दर दोन-अडीच तासांनी मूठभर, सावकाश चावून, आणि पाणी जेवणासोबत न पिता मागून. शिरा, बासुंदी, उसाचा रस असं काही पटकन पोटात गेलं की अर्ध्या तासात घाम, धडधड, चक्कर आणि जुलाब, कारण साखर अडवून धरायला जठरच नसतं. बी-१२ शोषायला लागणारा घटक जठरात तयार होतो, त्यामुळे ते जीवनसत्त्व जन्मभर बाहेरून, बहुतेक इंजेक्शनने घ्यावं लागतं. लोह आणि कॅल्शियमकडे लक्ष ठेवावं लागतं. माणसं यातून सावरतात, नोकरी करतात, बायकांची बाळंतपणंही नीट होतात. तरी पंचविशीच्या, काहीही न दुखणाऱ्या माणसाने हे स्वीकारायचं म्हणजे काय, ते समजून घेऊनच हा विषय काढावा. सिद्ध झालेल्या दोषाशिवाय तर मुळीच नाही.

सीडीएच-१च्या शेजारचं काम करणारं सीटीएनएनए-१ हे आणखी एक जनुक आहे. त्यातला दोष बराच दुर्मिळ. एपीसी या जनुकाच्या १बी नावाच्या तुकड्यात बिघाड असेल तर जठराच्या वरच्या भागात पॉलिपांचा, म्हणजे अस्तरावर उगवणाऱ्या छोट्या कोंबांचा, गालिचा पसरतो. हा आजार २०१२मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रथम वर्णन झाला. (बऱ्याच जणांच्या एंडोस्कोपी रिपोर्टवर 'फंडिक ग्लँड पॉलिप' लिहिलेलं असतं. वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीची गोळी घेणाऱ्यांत असे दोन-चार पॉलिप नेहमीच दिसतात, त्यांचा या आजाराशी संबंध नाही.) ओठांवर, तोंडात काळे ठिपके आणि लहानपणी आतड्यात आतडं अडकून झालेलं ऑपरेशन असा इतिहास असेल तर संशय एसटीके-११ या जनुकावर. लहान वयात मोठ्या आतड्यात आणि जठरात पॉलिप असतील तर एसएमएडी-४ किंवा बीएमपीआर-१ए. या घरांतल्या खुणा बहुधा बालपणापासूनच दिसतात, तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही.

लिंच सिंड्रोमवर मात्र थांबायला हवं, कारण तो या सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो आणि आपल्याकडे तो ओळखलाच जात नाही. एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ ही जनुकं पेशी विभागताना होणाऱ्या चुका दुरुस्त करतात. त्यात दोष असला की मोठ्या आतड्याचा, स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा, आणि काही जणांत जठराचा कॅन्सर होतो. याची सुरुवातीची नोंद अमेरिकेतल्या मिशिगनची आहे. १८९५मध्ये तिथल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने आल्ड्रेड वार्थिन या पॅथॉलॉजिस्टला सांगितलं की आमच्या घरातली माणसं जठराच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. पुढे ती गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली. वार्थिनने त्या घराण्याचा पाठपुरावा केला, पुढच्या पिढीतल्या डॉक्टरांनी तो चालू ठेवला, आणि शंभर वर्षांनी त्यांचा दोष एमएसएच-२मध्ये सापडला.

त्या घराण्याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आधीच्या पिढ्यांत जठराचा कॅन्सर ठळक होता. नंतरच्या पिढ्यांत तो घटत गेला आणि मोठ्या आतड्याचा पुढे आला. जनुक तेच, वारशाने तसंच उतरलेलं. बदललं ते त्यांचं राहणं : अन्न टिकवण्याच्या पद्धती, पाणी, आणि बहुधा जठरातला तो जंतू. दोष असलेलं जनुक कुठल्या अवयवात आणि किती जोराने बोलेल हे बाहेरच्या परिस्थितीवरही ठरतं, याचा इतका लांबचा पुरावा दुसरा क्वचितच मिळेल.

याच मुद्द्यावर २०२३मध्ये जपानमधून आलेला अभ्यास तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. रिकेन संस्थेच्या युकिहिदे मोमोझावा आणि सहकाऱ्यांनी जठराच्या कॅन्सरचे दहा हजारांहून अधिक रुग्ण आणि अडतीस हजारांहून अधिक निरोगी माणसं तपासली. जठराच्या कॅन्सरशी संबंध असलेली नऊ जनुकं निघाली, आणि त्यांत बीआरसीए-१, बीआरसीए-२, एटीएम आणि पीएएलबी-२ ही होती. ही नावं आपण एरवी स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरसंदर्भात ऐकतो. पुढे त्यांनी जंतूही मोजला. हेलिकोबॅक्टर पायलोरी आहे पण जनुक ठीक आहे अशा माणसांत ८५व्या वर्षापर्यंत जठराच्या कॅन्सरची शक्यता १४.४ टक्के निघाली. जंतूही आहे आणि या चार जनुकांपैकी एखाद्यात दोषही आहे, अशांत ती ४५.५ टक्के. दोन्ही धोक्यांची नुसती बेरीज केली तर एवढा आकडा येत नाही, ते एकमेकांना वाढवतात. हा जंतू पेशीतला डीएनए तोडतो, आणि बीआरसीए गटाची जनुकं नेमकी ती तोडफोड दुरुस्त करतात. दुरुस्तीवालाच गैरहजर असेल तर रोजचं नुकसान साचत जातं.

हा ४५.५चा आकडा सांगली-कोल्हापूरला जसाच्या तसा लावू नका. जपानमध्ये मुळातच हा कॅन्सर खूप, तिथल्या जंतूच्या जाती जास्त आक्रमक, आणि दोन्ही गोष्टी असलेली माणसं थोडी असल्याने त्या आकड्याची संभाव्य व्याप्तीही २०.७ ते ६२.६ इतकी रुंद आहे. आपल्याकडे निम्म्याहून अधिक प्रौढांत हा जंतू सापडतो, तरी महाराष्ट्रात जठराच्या कॅन्सरचं प्रमाण जपानच्या मानाने कितीतरी कमी आहे. देशात सर्वांत जास्त प्रमाण मिझोराममध्ये आहे. तिथे धुरावलेलं मांस, आंबवलेली डुकराची चरबी आणि तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून केलेलं तुइबुर या सवयींचा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे.

आता मघाशी सोडलेला धागा. घरात दोन-तीन जणांना आजार आहे, पण जनुकांत काहीच सापडत नाही, असं का होतं? एक मोठं उत्तर हा जंतूच आहे. तो बहुधा लहानपणी, घरातल्या घरात, आईवडिलांकडून किंवा भावंडांकडून येतो आणि उपचार केले नाहीत तर जन्मभर राहतो. तुमचे वडील आणि आत्या एका घरात, एकाच चुलीवरचं खात वाढले. मिठातलं लोणचं, खारवलेले पदार्थ, पाणी, आणि घरात कोणाची विडी-सिगरेट असेल तर तिचा धूर, सगळं समाईक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४मध्येच या जंतूला कॅन्सरचं सिद्ध कारण म्हणून पहिल्या गटात टाकलं. आणि जनुकापेक्षा याचं वेगळेपण असं की यावर औषध आहे.

ते औषध तुमच्यासारख्यांना किती उपयोगी पडतं हे दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्राने तपासलं. ज्यांचे आईवडील किंवा सख्खी भावंडं जठराच्या कॅन्सरने आजारी पडली होती आणि ज्यांच्यात जंतू होता, असे १,६७६ लोक त्यांनी घेतले. निम्म्यांना जंतुनाशक उपचार, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. साधारण नऊ वर्षांनी उपचारवाल्या गटात १.२ टक्के लोकांना कॅन्सर झाला, दुसऱ्या गटात २.७ टक्के लोकांना. ज्यांचा जंतू खरोखर गेला होता त्यांत प्रमाण ०.८ टक्के, ज्यांचा राहिला त्यांत २.९. हा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून मी सांगतो : जनुक चाचणीचा निकाल काहीही येवो, आणि ती व्हायच्याही आधी, तुम्ही आणि भावाने जंतूची तपासणी करून घ्या.

ती श्वासाची किंवा शौचाच्या नमुन्याची करा. रक्तातल्या अँटिबॉडीची नको, जुना जंतू गेला तरी ती पॉझिटिव्ह राहते. पँटोप्राझोलसारखी गोळी चालू असेल तर दोन आठवडे आणि अँटिबायोटिक घेतलं असेल तर चार आठवडे थांबून करा, नाहीतर जंतू असूनही निकाल निगेटिव्ह येतो. सापडला तर चौदा दिवसांचा पूर्ण कोर्स. आपल्याकडे मेट्रोनिडाझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू खूप आहेत, म्हणून औषधं कोणती ते पोटविकारतज्ज्ञाला ठरवू द्या. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करायची. बहुतेक जण हीच पायरी गाळतात, आणि वरचे ०.८ आणि २.९ हे आकडे पाहिले की ती का गाळू नये ते कळेल.

जनुकांचा तपास तुमच्यापासूनही सुरू होत नाही आणि भावापासूनही नाही. तो आत्यापासून सुरू होतो. ज्याला आजार झाला त्याची चाचणी आधी, हा या शास्त्राचा पहिला नियम. आणि चाचणीच्याही आधी तिची आणि वडिलांची कागदपत्रं. बायोप्सीचा आणि ऑपरेशननंतरचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट काढा. त्यात 'डिफ्यूज', 'पुअरली कोहेसिव्ह' किंवा 'सिग्नेट रिंग' असे शब्द आहेत, की 'इंटेस्टिनल टाइप' आणि 'ट्यूब्युलर' असे? पहिले शब्द म्हणजे वर सांगितलेला विखुरलेल्या पेशींचा प्रकार, दुसरे म्हणजे त्याहून वेगळा, नळ्यांसारखी रचना करणारा. हा एक शब्द पुढची दिशा ठरवतो. घरात जठराच्या कॅन्सरचे दोन रुग्ण आणि त्यांतला एक जरी डिफ्यूज असला, तरी वय न पाहता सीडीएच-१ची चाचणी योग्य ठरते. आत्याचा आजार डिफ्यूज असेल तर ती एकटीही निकषात बसते, कारण तिचं वय पन्नाशीच्या आत होतं. दोघांचाही इंटेस्टिनल प्रकार असेल तर सीडीएच-१ मागे पडतं. मग लिंच, बीआरसीए गट आणि जंतू यांचा विचार पुढे येतो. वडिलांचा रिपोर्ट हरवला असेल तर जिथे बायोप्सी झाली तिथे चौकशी करा. तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. अर्ज केला की तो ब्लॉक किंवा स्लाइड नातेवाइकांना मिळू शकते आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घेता येते. लिंचची चार प्रथिनं शाबूत आहेत का, हे रंगवूनही त्याच तुकड्यावर पाहता येतं. एखादं प्रथिन नाहीसं दिसलं तरी तेवढ्यावरून आजार आनुवंशिक ठरत नाही, रक्ताची चाचणी लागतेच.

मग वंशावळ. पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ, गेलेल्यांवर तिरकी रेघ, आजाऱ्यांचा आकार भरलेला. आपल्याकडे 'आमच्या घराण्यात' म्हटलं की फक्त आडनावाची माणसं मोजली जातात. लग्न होऊन गेलेल्या आत्या, त्यांची मुलं, आईकडचे मामा-मावश्या गळून पडतात. हे दोष मुलगा-मुलगी बघत नाहीत. आईकडून आणि वडिलांकडून सारखेच उतरतात, आणि दोष असलेल्या पालकाच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून दोन्ही बाजू लिहा, आजोळही. स्तनाचा, अंडाशयाचा, गर्भाशयाचा आणि आतड्याचा कॅन्सर, जन्मतः फाटलेला ओठ किंवा टाळू हेही लिहा. सीडीएच-१च्या काही घरांत ते दिसतं. आणि "आजी पोटात पाणी होऊन गेली" एवढंच माहीत असेल तर तसंच लिहा. अंडाशयाचा किंवा स्वादुपिंडाचा आजार अशा वर्णनाखाली पुष्कळदा दडलेला असतो.

हे घेऊन जनुक समुपदेशकाकडे जा. मुंबईत टाटा मेमोरियलकडे कॅन्सर जनुकशास्त्राची वेगळी ओपीडी आहे, पुण्यातही ही सोय मिळते. आत्याच्या रक्तावर अनेक जनुकांचं पॅनेल करतील. त्यात जनुकाचा मोठा तुकडा गळाला किंवा दुप्पट झाला आहे का, हेही तपासतात ना, ते विचारून घ्या. निकाल तीन तऱ्हांनी येऊ शकतो. रोगकारक दोष सापडला तर तुमची, भावाची आणि आत्याच्या सज्ञान मुलांची फक्त तेवढ्या एका जागेची चाचणी होईल, आणि तुमची निगेटिव्ह आली तर ते उत्तर पक्कं असेल : तो दोष तुम्हाला आला नाही, तुमच्या मुलांनाही तुमच्याकडून येणार नाही. आत्यात काहीच सापडलं नाही, तर तुमची जनुक चाचणी करण्यात फारसा अर्थ उरत नाही. तुमचा धोका मग सख्ख्या नातेवाइकाचा, म्हणजे सर्वसाधारण माणसाच्या दोन-तीन पट, एवढा धरायचा.

तिसरा निकाल सर्वांत त्रास देतो : 'व्हीयूएस', म्हणजे बदल आहे पण त्याचा अर्थ आज ठरलेला नाही. भारतीय लोकांच्या जनुकांची नोंद जागतिक साठ्यांत कमी असल्याने आपल्याकडे हे जास्त येतं. व्हीयूएसवरून ऑपरेशन नाही, घरच्यांची धोका ठरवण्यासाठी चाचणी नाही, लग्न मोडणं तर नाहीच. तो कागद जपून ठेवा आणि वर्ष-दोन वर्षांनी लॅबला पुन्हा विचारा. यांतले बहुसंख्य बदल पुढे निरुपद्रवी ठरतात.

आत्याच्या मुलांशी, चुलत भावंडांशी हे बोलणं अवघड जाईल, ठाऊक आहे. "मुलीचं अजून जमायचंय, कशाला बोभाटा" हे वाक्य ओपीडीत वारंवार ऐकू येतं, आणि ते म्हणणाऱ्या आईचा राग करता येत नाही. पण निकाल गुप्त राहतो, तो कोणाला सांगायचा हे चाचणी करणाऱ्याच्या हातात असतं. आणि त्या मुलीत खरंच दोष असेल, तर तो तिशीच्या आत कळण्यात आणि चाळिशीत पोटात पाणी झाल्यावर कळण्यात तिच्या आयुष्याचा फरक आहे. मला तर वाटतं की आत्याने स्वतः सांगावं. ती या आजारातून उठली आहे, तिचं ऐकतील.

तुमच्या मुलांची चाचणी आता करायची नाही. नऊ आणि सहा या वयात निकाल कळूनही काही बदलत नाही. ती अठरा वर्षांची झाली की त्यांनी स्वतः ठरवायचं, तेही घरात दोष सिद्ध झाला असेल तरच.

तुमच्या एंडोस्कोपीचं काय? दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टमध्ये तुकडे घेतले होते का ते पाहा. घेतले नसतील तर पुढच्या वेळी जठराचा खालचा भाग, वळण आणि वरचा भाग यांतून वेगवेगळे तुकडे मागा. अस्तर झिजलेलं किंवा आतड्यासारखं बदललेलं निघालं तर साधारण तीन वर्षांनी, आणि बदल जास्त पसरलेला असेल तर घरातला इतिहास पाहता एक-दोन वर्षांनीच, पुन्हा बघायचं. आणि मध्येच कधी थोडक्या खाण्याने पोट भरायला लागलं, वजन उतरलं, शौचाला काळं झालं किंवा कारण नसताना हिमोग्लोबिन घसरलं, तर सहा महिने गोळ्या खाऊन वाट पाहायची नाही. "माझ्या वडिलांना आणि आत्याला होता" हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा आणि त्याच आठवड्यात दुर्बीण मागा.

या महिन्यात करायची कामं मग एवढीच : तुमची आणि भावाची श्वासाची चाचणी, आत्याची फाइल आणि वडिलांचा बायोप्सी रिपोर्ट किंवा ब्लॉक, आणि आईशी बसून तिच्या माहेरची वंशावळ. पॅनेलचा निकाल यायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर भावाला आणखी कुठलीही लाळेची चाचणी मागवू देऊ नका.